काशीराम उस्तादांची मोटार

काशीराम उस्तादांच्या हाताखाली तयार झालेल्या ड्रायव्हरांना गाडी मागे घेता येत नसे. पुढे ते अशी चालवत की मांडीवरचं तान्हं मूल जागं होत नसे, पण मागे म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे. यात उस्तादांचा दोष नव्हता. मेहकर ते जानेफळ उतारू नेणाऱ्या ज्या मोटारीवर ते शिकवत, तिचा मागे जायचा गिअर केव्हाच कामातून गेला होता. मोटारीचे मालक शेठजी दर दिवाळीला सांगत की नागपूरहून सामान यायचं आहे. दिवाळ्या येत राहिल्या, सामान काही आलं नाही.

मागे जाता येत नाही म्हणून मोटार अडून राहिली नव्हती. मेहकरच्या आवाराला दोन फाटकं होती, एकातून आत यायचं आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचं. जानेफळला बाजाराच्या मैदानात एक मोठी गिरकी घेतली की तोंड पुन्हा मेहकरकडे. रस्त्यात कुठे शिरायचं आणि कुठे मुळीच शिरायचं नाही, हे उस्तादांनी असं बसवून टाकलं होतं की नव्या माणसाला शंकासुद्धा येऊ नये.

मला ती आली नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. मी मूळची पुण्याकडची. लग्न होऊन मेहकरला आले आणि जानेफळच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. नवं राज्य झालं होतं, मुलींच्या शाळा वाढत होत्या, पण खेड्यात एकटी खोली घेऊन राहायला सासरी कुणी परवानगी दिली नसती. तेव्हा माझी नोकरी म्हणजे ती मोटार. ती सकाळी सुटली तर मी मास्तरीण, नाही सुटली तर मी घरी, इतका सरळ हिशेब होता.

तर त्या आठवड्यात जानेफळच्या अलीकडच्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या त्या बसक्या, बिनकठड्याच्या पुलावर, समोरून कापसाने भरलेली बैलगाडी आली. आमची मोटार नुकतीच रपट्याच्या तोंडाशी पोचली होती. गाडीवान बैल मागे घ्यायला तयार नाही आणि आम्ही मागे जायला समर्थ नाही. उस्तादांनी इंजीन बंद केलं आणि न वळता म्हणाले, "उतरा हो."

सगळे मुकाट्याने उतरले. धोतरं खोचली गेली, लुगड्यांचे काचे आवळले गेले, सगळी मंडळी मोटारीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. मी आपली खिडकीशी छत्री धरून बसलेली. उस्तादांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमीबी उतरा."

"मी? मी काय ढकलणार?"

"ढकलू नका. पण वजन त हायेच ना तुमचं."

मी उतरले, आणि लाज वाटून हातही लावला. मोटार मागे सरकली, बैलगाडी निघून गेली, सगळे हात झटकून आपापल्या जागी बसले. कुणी एक शब्द तक्रारीचा काढला नाही. पुण्यात असं झालं असतं तर चार दिवस वर्तमानपत्रात पत्रं आली असती.

उस्ताद अंगाने काटकुळे, मिशी मात्र दोघांना पुरेल एवढी. घर माळ्याचं, मेहकरच्या बाहेर रस्त्याला लागून भाजीचा मळा, तो धाकटा भाऊ बघायचा. मोटार शिकले ते लढाईच्या काळात पलटणीच्या ट्रकवर. त्याविषयी ते फारसं बोलत नसत, पण तिथली एक सवय राहिली होती. मोटारीत चढताना वहाणा काढून सीटखाली ठेवायच्या आणि अनवाणी चालवायचं. "जोडा घातला का पाय बहिरा होते," असं म्हणायचे. दाढेखाली कायम एक लवंग. चालवताना बोलायचे नाहीत, कुणी बोलवलं तर चिडायचे. कुणी मागून ओरडला, "उस्ताद, जरा लवकर घ्या, कचेरीत काम हाय," तर ठरलेलं उत्तर यायचं, "घाई होती त काल काऊन नाही निघाला?"

विनय नावाची चीज त्यांच्यापाशी नव्हती. रपटा ओलांडला की मान मागे वळवून विचारायचे, "कसा लागला रपटा?" आणि मोटारभर लोकांनी एका सुरात म्हणायचं, "लागलाच नाही." एकदा एका पाहुण्याने खरं ते सांगितलं, की बराच आदळला. उस्तादांनी मोटार थांबवली, खाली उतरून चाकं पाहिली, स्प्रिंगा पाहिल्या, मग पाहुण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी जरा सरळ बसत जा."

पण त्यांची खरी कीर्ती होती ती उस्तादकीची. शेठजींच्या तीन मोटारी होत्या आणि ड्रायव्हर कधीच पुरे पडत नसत. जिल्ह्यात सरकारी गाड्या सुरू झाल्या होत्या, नवे डेपो निघत होते, आणि तिथे कायमची नोकरी, खाकी कपडे, आजारी पडलं तर रजा, म्हातारं झालं तर पेन्शन. शेठजींच्या मोटारीवर यांतलं काहीच नव्हतं. दुसरीकडे शिकून आलेला ड्रायव्हर हाताशी आला की सरकारात जायचा. मग त्याची मोटार आवारात उभी राहायची. एका पावसाळ्यात दोन मोटारी अशा उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या मागच्या बाकाखाली चौकीदाराची कोंबडी अंडी उबवत बसली होती. शेठजी रोज सकाळी येऊन त्या कोंबडीकडे बघत आणि सुस्कारा टाकत.

म्हणून उस्ताद नवे ड्रायव्हर घडवायचे. शेतकऱ्यांची पोरं यायची, बैल हाकलेली, हाताला घट्टे पडलेली. आल्या आल्या चाक हातात मिळेल अशी त्यांची समजूत असायची. उस्ताद त्यांना सगळ्यात मागच्या बाकावर बसवायचे. तिथे जो दणका बसतो तो ज्यांनी सोसला आहे त्यांनाच माहीत. असा महिनाभर. पोरगं संध्याकाळी कंबर धरून उतरायचं, तेव्हा उस्ताद विचारायचे, "आज कुठी कुठी लागलं?" मग त्याने सांगायचं, की अमक्या बाभळीपाशी लागलं, तमक्या वळणाला लागलं. जिथे लागलं ती जागा त्याच्या कंबरेला पाठ झाली की मगच त्याला पुढे बोलवायचं.

"पुढं बसणाऱ्याले काही लागत नाही बाई," एकदा मोटार पंक्चर होऊन थांबलो तेव्हा ते मला म्हणाले. "म्हून त्याले अगोदर मांगं बसवा लागते. नाहीतर त्याले वाटते, रस्ता चांगला हाय."

मी शाळेत मुलींना शिकवत होते आणि हे माझ्या डोक्यात राहिलं. वर्गात मागच्या रांगेत जाऊन बसायची सवय मला उस्तादांनी लावली.

त्यांच्या शागिर्दांत गुलाब नावाचा जानेफळचा एक मुलगा होता. उंच, हसरा, आणि झोपेचा इतका पक्का की मागच्या बाकावरही त्याला झोप लागायची. उस्तादांनी त्याला दोनदा घरी पाठवला, तो दोनदा परत आला. पुढे सगळ्यांत चांगला हात त्याचाच निघाला. त्या वर्षी गुलाब आणि आणखी दोघे सरकारी नोकरीच्या ट्रायलला अकोल्याला गेले. सकाळी नारळ फोडून गेले आणि संध्याकाळी तोंडं पाडून परत आले.

काय झालं ते गुलाबनेच दुसऱ्या दिवशी मोटारीत सांगितलं. साहेबांनी चढ घ्यायला लावला, वळण घ्यायला लावलं, गर्दीतून न्यायला लावलं. साहेब खूश. मग म्हणाले, आता गाडी मागे घे. गुलाबने इंजीन बंद केलं, खाली उतरला, बाह्या वर सारल्या, आणि गाडीच्या नाकासमोर उभा राहून साहेबांना म्हणाला, "साहेब, तुमी त्या बाजूनं हात लावा."

मोटारभर माणसं हसून हसून लोळली. गुलाबही हसला. हसले नाहीत ते एकटे उस्ताद. त्या दिवशी त्यांनी रपटा ओलांडल्यावर काही विचारलं नाही.

शेठजींना ही बातमी कळली तेव्हा मात्र त्यांनी पेढे वाटले. निरुपद्रवी माणूस, पण एवढ्या वर्षांत जे त्यांना सुचलं नव्हतं ते एका क्षणात कळलं होतं. मोटारीला मागचा गिअर नाही तोवर पोरं कुठे जात नाहीत. नागपूरचं सामान तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातूनही गेलं.

आमचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मागे होतं. एका रविवारी दुपारी मी वाळवण घालायला गच्चीवर गेले, तर जिनिंगच्या मोकळ्या आवारात एक ट्रक उलट्या पावली चाललेला. दोन्ही बाजूंना कापसाच्या गाठी मांडून गल्ली केलेली, ट्रकमध्ये गुलाब, आणि मागे अनवाणी उभे असलेले उस्ताद हाताने खुणा करत होते. ट्रक गाठीला आदळला की उस्ताद तिच्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "ह्या गाठीच्या जागी कोणाची तरी माय बसली असती बे. पुन्ना घे." गुलाब पुन्हा घ्यायचा. जिनिंगच्या मुनिमाला मनवून त्यांनी सुटीच्या दिवसापुरता तो ट्रक मिळवला होता. माझं वाळवण तसंच राहिलं, मी बघत बसले.

ही गोष्ट लपणार थोडीच होती. पुढच्या रविवारी शेठजी स्वतः जिनिंगच्या फाटकाशी हजर. गच्चीवरून मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी ऐकलं, त्यात काही लपवायचं नाही.

"काशीराम, काय करून राह्यला तू? तूच शिकवतो, तूच भगवतो. माह्या गाड्या कोण चालवीन?"

"म्या हावो ना शेठजी."

"तू एक. गाड्या तीन."

"ते मले समजते. पण ज्याले मांगं घेता येत नाही तो अर्धाच डायवर होते. पोट्टे माह्या नावानं अकोल्याले गेले आन् लोक हासले. अर्धा माणूस म्या कोणाले देनार नाही. तुमालेबी नाही."

"मंग जानेफळची लाईन बंद पडली त मले बोलू नको."

"पडू देनार नाही," उस्ताद म्हणाले. शेठजी निघून गेले. भांडण एवढंच. पण त्या एका वाक्याने उस्ताद स्वतःला कसे बांधून घेत होते ते तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. मलाही तो नेहमीचा ताठा वाटला.

गुलाबबरोबर अकोल्याला गेलेले ते दोघे मुलगे पुढच्या ट्रायलला पास होऊन गेले. एकाला जळगाव जामोदकडची गाडी मिळाली, दुसरा कुठेतरी खामगावकडे. कोंबडीला आता दोन मोटारींतून निवड करता येऊ लागली. गुलाब तेवढा थांबला होता, कारण उस्तादांनी त्याला तसं सांगितलं होतं. त्यामागे त्यांचा एक बेत होता. त्यांना स्वतःला सरकारात जायचं होतं. वय निघून चाललं होतं; पलटणीत होते म्हणून थोडी सवलत होती, तीही त्या वर्षापुरतीच. त्यानंतर दार बंद. ते जातील आणि जानेफळची मोटार गुलाब चालवील, असं ठरलं होतं. अकोल्याला जाऊन ते ट्रायल देऊन आले. साहेबांनी मागे घ्यायला लावलं तेव्हा त्यांनी म्हणे एका हाताने घेतली आणि दुसऱ्या हाताने मिशी नीट केली. हे त्यांनीच सांगितलं, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं.

घरात आनंद झाला. त्यांची बायको पार्वतीबाई एरवी मोटारीपाशी कधी यायची नाही. ती एक दिवस आली आणि बायकांच्या बाकावर माझ्याजवळ बसली. खाकी कपड्यांना परीटघडी करून आणायची की घरीच धुवायचे, असं मला विचारत होती. उस्ताद आरशातून आमच्याकडे पाहत होते.

आणि मग गुलाबलाही बोलावणं आलं. त्याने उस्तादांना न विचारता नाव घातलं होतं, ट्रायलही देऊन आला होता. नवं लग्न झालेलं, सासऱ्याने आग्रह केलेला, त्याला तरी काय म्हणावं. दोघांना एकाच सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी सकाळच्या मोटारीत ही बातमी सगळ्यांना कळली. एकाच मोटारीचे दोन ड्रायव्हर सोमवारी नसणार, म्हणजे मोटार नसणार. शाळेतल्या हेडमास्तरांनी मला तेवढ्यातच सांगून टाकलं की बाई, तुमची अडचण समजते, पण मला जानेफळात राहणारा माणूस बघावा लागेल. माझ्या हातची सातवीतली पहिली मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसणार होती.

सोमवारी सकाळी मी तरीही आवाराकडे गेले. नवऱ्याने विचारलं, कशाला जातेस. मी छत्री उचलली आणि निघाले. आवारात रोजचीच मंडळी होती: टोपल्या घेतलेल्या माळणी, तालुक्याहून परतणारे दोन शेतकरी, जानेफळचा पोष्टमन. सगळे असेच आलेले, कारण नसताना. आणि मोटार धूर सोडत उभी. उस्ताद जागेवर बसले होते, अनवाणी.

"उस्ताद, तुम्ही गेला नाहीत?"

"गुलाब गेला," ते म्हणाले. "बसा. उशीर होऊन राह्यला."

नंतर गुलाबकडून कळलं ते असं. रविवारी संध्याकाळी तो उस्तादांच्या मळ्यावर पाया पडायला गेला आणि म्हणाला, मी थांबतो, तुम्ही जा, तुमचं वय चाललं आहे. खरंच थांबायला तयार होता. उस्तादांनी त्याला विचारलं, "तू थांबशीन. किती दिवस थांबशीन? तुले रोज वाटन का म्या गेलो असतो. असा माणूस म्या चाकावर बसू देत नाही." आणि त्याला हाकलून दिला. पार्वतीबाई त्या रात्री जेवली नाही.

त्या सोमवारी मोटार सुटली तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. शेजारच्या माळणीने मला पदराचं टोक पुढे केलं. नोकरी माझी होती, पण ती राखून ठेवायची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती, हे मला त्या बाकावर स्वच्छ दिसत होतं. इतकं मोठं काही माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. आणि ते माझ्या एकटीसाठी केलेलंही नव्हतं, म्हणून त्याचं ओझं वाटत नव्हतं.

उस्ताद देवमाणूस वगैरे झाले असं मात्र समजू नका. तो अख्खा महिना ते सगळ्यांवर खेकसत होते. पोष्टमनाची पिशवी त्यांनी रस्त्यात फेकली. माझी छत्री दारात आली म्हणून मला सगळ्यांदेखत बोलले. लोकांनी ऐकून घेतलं. रपटा ओलांडला की न विचारताच सगळे म्हणायचे, "लागलाच नाही." हळूहळू त्यांचा राग उतरला.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी ती लाईन चालवली, आणि पोरंही शिकवत राहिले. मागे घेणंसुद्धा. सगळी पोरं सरकारात गेली. माझ्या शाळेतली सातवीतली ती मुलगी पास झाली, तिच्यामागून तिच्या बहिणी आल्या, शेजारणी आल्या. मग एक दिवस सरकारी गाडी जानेफळच्या रस्त्यावरही आली. शेठजींनी मोटारी विकल्या. उस्ताद भावाच्या मळ्यावर जाऊन बसले. त्यांना कुणी निरोप दिला नाही, हार घातला नाही. लाईन बंद पडली नव्हती, नुसती मोटार बदलली होती.

माझी बदली जळगाव जामोदला झाली तेव्हा मेहकर सोडतानाच्या गाडीवर योगायोगाने गुलाबच होता. आता चांगला पोट सुटलेला, खाकीतला गुलाबराव. गावाबाहेर आल्यावर त्याने न सांगता मळ्यापाशी गाडी थांबवली. उस्ताद बांधावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मिशी पांढरी झाली होती, आकार तेवढाच. उठून माझ्या खिडकीशी आले.

"बाई, चालल्या म्हंते तुमी."

"चालले. उस्ताद, एक विचारू? त्या सोमवारी गेला असतात तर आज पेन्शन खात बसला असतात. कधी वाटतं का हो?"

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. म्हातारी माणसं म्हणतात तसं काहीतरी समाधानाचं बोलतील. त्यांनी हातातली जुडी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.

"वाटते ना," ते म्हणाले. "रोज वाटते. खोटं कायले सांगू. घरात म्हातारी बोलते, तवा त जास्तीच वाटते. पण त्या सकाळी तुमी सारे तथी येऊन उभे राह्यले असते, आन् मोटार नसती, तुमाले काय सांगा, तेच मले सुचे ना."

गुलाबने गाडी चालू केली. मागून कुणीतरी घाई करू लागलं. मला बोलायला फार वेळ नव्हता, आणि मनात होतं ते फार होतं.

"उस्ताद, माझी अख्खी नोकरी तुमच्यामुळे झाली," मी म्हटलं.

"हाव," उस्ताद म्हणाले. "मले मालूम हाय."